गाडीतला संच घरी येतो तेव्हा

आबांनी संच टेबलावर ठेवला, तारा जोडल्या, आवाजाचं बटण पुरं फिरवलं, तरी बोलणं ऐकू येत होतं ते गोधडीतून आल्यासारखं. कारण साधं होतं. गाडीत बसवायच्या सीबी संचाचा, म्हणजे सामान्य नागरिकांनी आपापसात बोलायच्या रेडिओचा, स्पीकर बहुतेक वेळा त्याच्या पोटाला असतो. डॅशबोर्डखाली टांगला की आवाज खाली उतरून केबिनभर होतो. टेबलावर ठेवला की सगळा सागवानात जिरतो. दोन काड्यापेट्या खाली सरकवल्या आणि भागलं.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं घर, सात किलोमीटरवर केळीचं शेत. एक संच पिकअपमध्ये, दुसरा तसाच संच घरात, असा आबांचा बेत. कागदपत्रं नीट होती म्हणून मीही हात लावला. पण काड्यापेट्यांवर सुटलेली ही पहिली अडचण सोडली, तर पुढची प्रत्येक एकाच मुळाशी जात होती. गाडी या संचाला पुष्कळ गोष्टी न मागता पुरवते, आणि घर त्यातली एकही पुरवत नाही. गाडीसाठीचा संच घरात आणायची वेळच का येते, हे कळायला मात्र थोडं मागे जावं लागतं.

सिटिझन बँड, म्हणजेच सीबी, जन्मला तो गाडीसाठी नव्हेच. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सामान्य नागरिकांसाठी वेगळी रेडिओसेवा ठेवायचं ठरवलं. त्या काळी हातात मावणारे संच बनवण्यात अल ग्रॉस हा संशोधक आघाडीवर होता. पण तेव्हा दिलेली पट्टी ४६० मेगाहर्ट्झच्या वरची, आणि त्या काळच्या व्हॉल्व्हना, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना, ती झेपणं महागात जाई. दुकानदार, शेतकरी, प्लंबर अशा ज्या लोकांसाठी ही सेवा होती, त्यांच्या खिशाला ते परवडेना. मग सप्टेंबर १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल खुले झाले. सुरुवातीचे संच चांगले मोठे डबे, व्हॉल्व्हचे, घराच्या विजेवर चालणारे असत. मालक दुकानात बसून गाडीवरच्या माणसाला निरोप देणार, ही मूळ कल्पना. म्हणजे घर आधी, गाडी नंतर.

या २७ मेगाहर्ट्झची स्वतःची एक मजेदार कुळकथा आहे. १९४७ च्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २७.१२ मेगाहर्ट्झ ही जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी राखली गेली. बोलायला नाही, तापवायला. प्लास्टिकच्या पिशव्या चिकटवणारी यंत्रं या लहरींवर चालतात. धुळ्यात किंवा जळगावात फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबरेला 'शॉर्टवेव्हचा शेक' घेतला असेल, तर तोही बहुधा याच लहरींचा. मध्याच्या दोन्ही बाजूंना ०.६ टक्के मोकळीक द्यायची, म्हणजे पट्टी होते २६.९५७ ते २७.२८३. हे आकडे लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत. अमेरिकेत मधली काही वर्षं हॅम मंडळींना, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांना, या गोंगाटाच्या शेजारात बोलायची मुभा होती. १९५८ मध्ये ती काढून नागरिकांना दिली. जुने अमेरिकन हॅम त्याबद्दल अजून कुरकुरतात.

वेळही अशी साधली की विचारू नका. १९५७-५८ मध्ये सूर्यावरच्या डागांनी नोंदींमधला उच्चांक गाठला होता. डाग वाढले की वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत जमिनीकडे वळवतो, आणि चार वॉटचा आवाज हजारो किलोमीटर जातो. गावातल्या गावात बोलण्यासाठी काढलेल्या पट्टीवर परमुलखातली माणसं येऊन बसली. आयोगाने दीडशे मैलांपलीकडे बोलायला बंदी घातली. सूर्याला कोण नोटीस देणार!

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि संच आकसला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, पुस्तकाएवढा डबा डॅशबोर्डखाली मावू लागला. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, अमेरिकेत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी सीबी धरला. पुढची तीन-चार वर्षं नुसता उन्माद. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने सीबीवर बोलत. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ चे ४० करावे लागले. १९८३ मध्ये लायसनची अटच गेली. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ ला परवानगी दिली, तीही वेगळ्या जागी आणि वेगळ्या पद्धतीने, एफएमवर.

या लाटेत कारखान्यांनी गाडीचे संच ढिगाने काढले. साहजिकच ते स्वस्त झाले आणि घरासाठी बांधलेले मोठे बेस संच महाग राहिले. मग लोक गाडीचाच संच घरात आणून त्याला बाहेरून वीजपुरवठा जोडू लागले. घरातून निघालेलं यंत्र गाडीत बसून, अंग आटवून पुन्हा घरी आलं. आबांच्या टेबलावरचा डबा हा त्या फेरीचा शेवटचा टप्पा.

आपल्याकडे यातलं काहीच घडलं नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना संच बाळगणं हाच गुन्हा. नुसता ऐकायचा रेडिओ घेतला तरी पोस्टात जाऊन लायसन भरायचं, हे ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं. माझ्या आजोबांचं ते पुस्तक अजून ट्रंकेत आहे. बोलायचा रेडिओ हवा तर परीक्षा देऊन हॅम व्हायचं. आणि धुळं म्हणजे तर दोन महामार्गांची चौफुली! मुंबई-आग्रा इथून उत्तरेला सातपुड्याकडे चढतो, सुरत-कोलकाता पूर्वेला जळगाव-भुसावळकडे जातो. रात्री ढाब्यावर ट्रकांची रांग लागे. पण रस्त्याची खबर द्यायची रीत म्हणजे समोरून येणाऱ्याला दिव्याचा इशारा, नाहीतर खिडकीतून हाक.

सरकारने २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्टीत परवान्याची अट काढली. तेच आकडे, शेकाच्या मशीनचे. अटी अशा की प्रभावी शक्ती ५ वॉटच्या आत, संच मान्यताप्राप्त, इतरांना अडथळा करायचा नाही आणि आपल्याला झाला तर तक्रार करायची नाही. अमेरिकेच्या ४० चॅनेलांपैकी पहिले २७ या हद्दीत बसतात, अठ्ठाविसावा २७.२८५ वर, म्हणजे कुंपणाबाहेर. पण २००५ पर्यंत खिशात मोबाइल आला होता. दार उघडलं तेव्हा आत यायला कोणी उभंच नव्हतं. आपल्याकडे या पट्टीवर सर्वांत जास्त कोणी वावरलं असेल तर ती पोरांची रिमोटची मोटार. तिच्यावर २७ मेगाहर्ट्झ छापलेलं असायचं.

आता आबांच्या टेबलाकडे.

पहिली गोष्ट वीज. संचावर १३.८ व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण इंजिन चालू असताना गाडीची वायरिंग साधारण तेवढी असते. नुसती बॅटरी १२.६ ला येऊन थांबते, आवाज पलीकडे पोचतो पण जोर कमी पडतो. आबांनी आधी स्पीकरबरोबर आलेला एक ॲडॉप्टर लावला होता. ऐकताना ठीक, बोलायचं बटण दाबलं की दिवा मिणमिणायचा, कारण बोलताना संच दीड-दोन अँपिअर ओढतो. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि तिला कायम जोडलेला १३.८ चा चार्जर, हा शेतकऱ्याच्या घरातला सरळ उपाय. लोडशेडिंगमध्येही चालतो. लाल-काळी उलटी लागली तर आतला एक डायोड स्वतः मरतो आणि संच वाचवतो, तोही फ्यूज बरोबर आकाराचा असेल तर. जुन्या काळी काही ट्रकांचं बॉडीला जोडलेलं टोक धन असे, काहींचं ऋण, म्हणून त्या पिढीचे पुष्कळ संच पत्र्यापासून अलग ठेवलेले असत.

दुसरी आणि खरी गोष्ट अँटेना. लहर अकरा मीटरची, तिची पाव काठी पावणेतीन मीटरची. पण अँटेना ही काठी फक्त अर्धीच. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या खालचं धातूचं अंग. गाडीत ते काम टप करतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. घराच्या खिडकीत तीच काठी उभी केली तर ती एका पायावर उभ्या माणसासारखी. तिसाच्या दशकात अमेरिकेत जॉर्ज ब्राउन या इंजिनिअरने काठीच्या बुडाशी चार आडव्या सळ्या लावून जमीन वर उचलली, ग्राउंड प्लेन म्हणतात तो हाच. सळ्या थोड्या खाली झुकवल्या की अँटेनाचा विजेला होणारा विरोध ५० ओहमच्या जवळ येतो, आणि संचाशी जुळायला तेवढाच हवा असतो.

आबांचं जुनं घर धाब्याचं, मातीचं. त्याचा काही उपयोग नव्हता. गोठ्यावर मात्र पत्रे. चुंबकाची अँटेना त्यावर ठेवून पाहिली, आणि संच-अँटेनाची जुळणी दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्टीत गेला. पत्रे एकमेकांवर चढवलेले, आकडे गंजलेले, मधे रंगाचा थर. दिसायला एक, विजेच्या हिशेबात दहा तुकडे. शेवटी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली, पावणेतीन मीटरचे चार तुकडे कापले, टोकांचं व्हार्निश पॉलिश पेपरने खरवडलं आणि बांबूच्या शेंड्यावरून छत्रीच्या काड्यांसारखे खाली ताणले. केबलवाल्याचं उरलेलं वेटोळं घरात होतं. ते ७५ ओहमचं, त्याने दीडपट बेजुळणी येते. चार वॉटला ती चालून जाते, पण मी मुकाट ५० ओहमची केबल आणायला लावली. उंच, जास्त लांबीची अँटेना घ्यावी का, असंही आबांनी विचारलं. नियमातले ५ वॉट प्रभावी शक्तीचे आहेत, अँटेनाने वाढवलेलं त्यात धरलं जातं.

उरला गोंगाट. संचात खरखर कापायची सोय असते, पण ती इंजिनच्या स्पार्क प्लगसाठी बनवलेली, टिकटिक ओळखणारी. घरातले एलईडी बल्ब आणि स्वस्त चार्जर अखंड भुणभुणतात, तिथे ती हात टेकते. आम्ही एकेक बटण बंद करत गेलो. देवघरातली विजेची लाल मेणबत्ती विझवली तेव्हा कुठे पट्टी शांत झाली. बांबूच्या बुडाशी कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा केला, आणि मृगाचे ढग सातपुड्यावर दिसले की केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाकायची, हे आजींनाच सांगून ठेवलं. आबांच्या भरवशावर नको.

मग पिकअप शेतात गेली. आबांनी माइक तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत विचारलं, "आवाज ई ऱ्हायना का रे?" म्हणजे येतोय का.

बटण सोडलं. खरखर. पुन्हा विचारलं, पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा विचारायच्या आत खिशातला मोबाइल वाजला. शेतातून पोराचा फोन: "आबा, चांगला ई ऱ्हायना. पण बोलानं बटण कोणतं शे?"