ठेका कोणी धरायचा? संगणक आणि बाहेरचा डॅक यांच्यातील जोडणीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात गाणे ऐकण्याची सवय जुनी आहे. गायन समाज देवल क्लबची स्थापना 1883 ची, आणि शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावाला जवळून ऐकायला मिळाली. त्या ओढीतून कित्येकांनी मैफलींच्या कॅसेटी वर्षानुवर्षे सांभाळल्या आणि पुढे त्या संगणकात उतरवून घेतल्या. त्या संगणकातून पुन्हा नीट ऐकायच्या म्हटल्या, की अडचण सुरू होते. राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत लॅपटॉपचे हेडफोन सॉकेट थेट ॲम्प्लिफायरला जोडले, तर बंदिश सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजत असतानाच त्यामागे बारीक किरकिर ऐकू येते, आणि माउस हलवला की त्या किरकिरीचा सूरही बदलतो. प्रोसेसर, मेमरी आणि वीजपुरवठ्याचे सर्किट ज्या बोर्डावर अखंड धडपडत असतात, त्याच बोर्डावर ध्वनीच्या आकड्यांचे व्होल्टेज करायचे, तर असे होणारच. म्हणून आकडे आकडेच ठेवून बाहेर काढावेत आणि त्यांचे रूपांतर स्वतंत्र पेटीत, म्हणजे डॅकमध्ये करावे, हा विचार पुढे आला.

आकडे बाहेर नेणे तसे अवघड नाही. प्रत्येक आकड्याचे व्होल्टेज नेमक्या कोणत्या क्षणी करायचे आणि तो क्षण कोणाच्या घड्याळावर मोजायचा, हे ठरवणे अवघड आहे. या जोडणीचा गेल्या चार दशकांचा इतिहास मुख्यतः त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

1982 साली सीडी बाजारात आली, तेव्हा सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे त्या त्या क्षणीच्या आवाजाचे आकडे, आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, हे प्रमाण ठरलेले होते. हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ टेपवरून आला. सुरुवातीची डिजिटल ध्वनिमुद्रणे व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवली जात. एका ओळीत तीन नमुने, प्रत्येक फील्डमध्ये, म्हणजे चित्राच्या अर्ध्या भागात, 245 उपयोगी ओळी आणि सेकंदाला 60 फील्ड, यांचा गुणाकार बरोबर 44,100 येतो. पन्नास फील्डच्या युरोपीय पद्धतीत 294 ओळी धरल्या, तरी उत्तर तेच निघते.

सीडी प्लेअरमधून हे नमुने बाहेर देण्यासाठी सोनी आणि फिलिप्स यांनी एस/पीडीआयएफ ही पद्धत रूढ केली. स्टुडिओसाठी तिची मोठी बहीण, एईएस3, 1985 मध्ये प्रमाणित झाली. तारेऐवजी प्रकाशाने संकेत नेणारी तोशिबाची टॉसलिंक केबल 1983 सालची. तिच्या टोकाशी दिसणारा तांबडा उजेड आजही अनेकांच्या ओळखीचा आहे. या पद्धतीत डाव्या-उजव्या नमुन्यांची एक जोडी 64 बिटांच्या चौकटीत बसते, म्हणजे सीडीच्या दराने सेकंदाला 28,22,400 बिट वाहतात. विशेष म्हणजे घड्याळासाठी वेगळी तार नसते. बिटांची मांडणीच अशी केलेली असते, की संकेताच्या चढउतारांतून डॅकने वेळ हुडकून काढावी. पाठवणारा ठेका धरतो आणि डॅक त्याच्या मागून जातो, अशी ही व्यवस्था आहे. ठेका किंचित डळमळला, तर ती डळमळ, म्हणजेच जिटर, काही प्रमाणात रूपांतरापर्यंत पोहोचते. सीडी प्लेअरच्या बाबतीत हे निभावत असे, कारण त्यातले घड्याळ संगीतासाठीच बसवलेले होते.

संगणकाचे तसे नव्हते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस साउंड कार्डांवर एस/पीडीआयएफचे सॉकेट दिसू लागले, पण त्यातून सीडीवरचेच आकडे बाहेर पडतील याची खात्री नसे. संगणकातल्या ध्वनीच्या सर्किटांसाठी इंटेलने 1997 मध्ये मांडलेल्या एसी'97 या प्रमाणाचा पाया सेकंदाला 48,000 नमुन्यांचा होता, त्यामुळे पुष्कळ यंत्रांत सीडीच्या दर 147 नमुन्यांचे 160 नवे नमुने बनवले जात. हे गणित घाईघाईने उरकले, की त्याचा परिणाम कानाला जाणवे. शिवाय विंडोजचा मिक्सर मध्येच सर्व आवाज एकत्र करी. त्याला वळसा घालणारा स्टाइनबर्गचा एएसआयओ हा मार्ग 1997 चाच, परंतु तो स्टुडिओवाल्यांसाठी होता. घरच्या श्रोत्याला विंडोजमध्येच आकडे जसेच्या तसे बाहेर काढण्याची सोय 2007 च्या व्हिस्टापासून मिळाली.

दरम्यान यूएसबी आली होती. ध्वनीसाठीचे तिचे पहिले प्रमाण 1998 सालचे आहे. त्याच्या जुन्या वेगात संगणक दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. सेकंदाला 44,100 म्हणजे मिलिसेकंदाला 44.1 नमुने, आणि नमुन्याचा दहावा भाग तर पाठवता येत नाही. म्हणून नऊ पुडक्यांत 44 आणि दहाव्यात 45 नमुने घालावे लागतात. सुरुवातीचे बहुतेक यूएसबी डॅक या पुडक्यांच्या येण्यावरून आपला वेग जुळवून घेत. ठेका संगणकाकडेच राहिला, आणि संगणकाला तर हजार कामे.

याला उत्तर त्याच 1998 च्या प्रमाणात लिहून ठेवलेले होते. असिंक्रोनस पद्धतीत डॅकच्या आतले स्थिर घड्याळ मालक असते. आलेले नमुने छोट्या साठ्यात जमतात, घरावरच्या टाकीत पाणी साठावे तसे; टाकी भरत आली की डॅक संगणकाला थोडे कमी पाठवायला सांगतो, उतरली की थोडे जास्त मागतो. नळ कसाही वाहिला, तरी खालची धार एकसारखी राहते. ही कल्पना कागदावरून घरगुती श्रवणात आणण्याचे मोठे श्रेय वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांना जाते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा टप्पा हाच आहे. नमुन्यांचे दर वाढणे हा त्यापुढे दुय्यम भाग.

तरी दर वाढलेच. जुन्या वेगात एका पुडक्यात 1023 बाइटांहून अधिक मावत नाही. 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 96,000 नमुन्यांच्या, डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांना मिलिसेकंदाला 576 बाइट लागतात, ते बसतात. 192 किलोहर्ट्झला 1152 लागतात, ते बसत नाहीत. यूएसबी 2 च्या वेगावर आधारलेले दुसरे प्रमाण 2006 मध्ये आले. मॅक आणि लिनक्स यांनी ते 2010 च्या सुमारास स्वीकारले, विंडोजने मात्र 2017 मध्ये. मधली वर्षे प्रत्येक उत्पादकाच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला यंत्राशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रामच्या, भरवशावर गेली. माझ्याकडचा 192 किलोहर्ट्झचा पहिला डॅक विंडोज बदलताच मुका झाला, कारण त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर कोणी काढलाच नाही; यंत्र धडधाकट असून कपाटात गेले, याची हळहळ अजून वाटते.

घड्याळाचा प्रश्न असा मिटला, तरी किरकिरीचा पूर्ण मिटला नाही. यूएसबीच्या केबलमधून आकड्यांबरोबर पाच व्होल्टची वीज आणि अर्थची तारही जाते, आणि संगणकातला गोंगाट त्या तारेवरून डॅकमार्गे ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचू शकतो. महागडी केबल घेऊन हे थांबत नाही. मध्ये विद्युत जोडणी तोडणारा आयसोलेटर बसवावा लागतो किंवा ऑप्टिकल केबल वापरावी लागते. आमच्याकडे चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, की किरकिर जाते, यावरूनच तिचा रस्ता कळला. आता कॅसेटींवरून उतरवलेली 44.1 किलोहर्ट्झची ध्वनिमुद्रणे डेस्कटॉपच्या ऑप्टिकल सॉकेटमधून त्या तांबड्या उजेडावर वाजतात, आणि यूएसबीची केबल फक्त 192 च्या फाइली ऐकायच्या असतील तेव्हाच जोडली जाते.