तबरीझ की काशान? नक्षी सोडा, गाठ बघा

‘गाठ तुर्की आहे, म्हणजे हा गालिचा इराणी नाहीच.’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता लिहायलाच हवं.

इराणमधल्या काशान शहराचा गालिचा तुम्ही पाहिलेला असतो: मधे मोठं पदक, चार कोपऱ्यांत त्याचे चतकोर, लाल आणि गडद निळा रंग. इराणमधल्याच तबरीझलाही ही मांडणी सर्रास विणतात. तबरीझ मुळात व्यापाऱ्यांचं शहर. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले व्यापारी जुने गालिचे गोळा करून काळ्या समुद्रावरच्या त्राब्झोन बंदरातून इस्तंबूलला आणि पुढे युरोपात धाडत. जुना माल पुरेना, तेव्हा त्यांनी स्वतःचे माग बसवले आणि गिऱ्हाईक मागेल ती नक्षी विणून दिली. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून गाव सांगणाऱ्या विक्रेत्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

खरा फरक गाठीत आहे. तबरीझमध्ये लोकरीचा धागा ताण्याच्या (मागावर उभ्या ताणलेल्या) दोन शेजारच्या धाग्यांवरून आडवा जातो आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधूनच वर येतात. काशानमध्ये तो एका धाग्याला पुरता वळसा घालतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो, म्हणून एक टोक दोघांच्या मधे, दुसरं बाहेर. पहिलीला तुर्की गाठ म्हणतात, दुसरीला फारसी. पण तबरीझ हे अझरबैजानी तुर्की बोलणारं इराणी शहर आहे, आणि तिथले विणकर हुकासारखा आकडा असलेल्या सुरीने ही ‘तुर्की’ गाठ झपाझप मारतात. फारसी गाठीला बाजारात ‘सेन्ने’ही म्हणतात. सेन्ने म्हणजे आजचं सनंदज, तेही इराणमधलंच शहर, आणि तिथे विणतात तुर्की गाठ!

गालिचा उलटा करून बोटं फिरवणारे पुष्कळ भेटतात. मागून दोन्ही गाठी जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यापेक्षा बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) रेषेत दुमडा, लव (वर आलेले लोकरीचे तंतू) फाकवा, मुळाशी बघा. दोन्ही टोकं जोडीने वर आली असतील तर काशान बाद. तबरीझ मात्र लगेच सिद्ध होत नाही, कारण शेजारच्या हेरिझलाही हीच गाठ आहे. तिथला गालिचा जाडाभरडा, कोनदार नक्षीचा, चटकन वेगळा काढता येतो.

‘फारसी गाठच बारीक’ हाही भ्रम. तबरीझमध्ये सुमारे 7 सेंटिमीटरमधल्या गाठी मोजतात, त्याला ‘रज’ म्हणतात. 50 रज म्हणजे चौरस मीटरला साधारण 5 लाख गाठी, आणि त्याही तुर्की.

घाबरायचंच तर जुफ्तीला घाबरा: दोनऐवजी चार धाग्यांवर मारलेली गाठ. मेहनत निम्मी, लव विरळ, आणि ही लबाडी दोन्ही गाठींत करता येते.