१०० वाली थांबली तिथं १२० वाली कितीवर होती?

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्याकडं जालना-संभाजीनगर भागात कुठंही चहाला बसा, गाडी कितीवर घेतली याच्याच गप्पा. त्यात एक वाक्य ठरलेलं, "१०० काय अन् १२० काय, २० चा तर फरक हाय!" हे ऐकलं की मला राहवत नाही.

रस्ता भारीच आहे, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, डिझाइन ताशी १५० चं आणि कारला परवानगी १२० ची, म्हणजे मी नियम मोडणाऱ्यांबद्दल बोलतच नाहीये. समजा दोन सारख्याच कार, शेजारी-शेजारी दोन लेनमधून चालल्यात, रस्ता कोरडा, टायर चांगले. एकीचा काटा १०० वर, दुसरीचा १२० वर. पुढं रोही (नीलगाय) आडवं आलं आणि दोघांना ते एकाच क्षणी दिसलं. १०० वाली अगदी रोह्याला टेकता टेकता थांबली. आता सांगा, त्याच जागी १२० वाली पोचली तेव्हा तिचा वेग किती असेल?

बहुतेक जण २० म्हणतात. उत्तर आहे ताशी ७३ किलोमीटर.

हे कसं ते बघू, कारण मला गतीच्या सगळ्या धड्यात हीच गोष्ट सगळ्यात आवडते. चांगला ब्रेक कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला साधारण ताशी २५ किलोमीटर वेग कमी करतो (नववीच्या पुस्तकातलं ऋण त्वरण ते हेच, सेकंदाला सेकंदाला ७ मीटर). म्हणजे १०० वरून शून्यावर यायला ४ सेकंद, १२० वरून ४.८ सेकंद. इथपर्यंत फरक किरकोळच वाटतो. पण ब्रेक आपल्या बायाबापड्यांसारखा रोजानं काम करतो, गुत्त्यानं (किती काम झालं त्या हिशोबानं) नाही. त्याला फक्त सेकंद कळतात, किती मीटर रस्ता सरला त्याच्याशी घेणंदेणं नाही. आणि गाडी जोरात असते तेव्हा एकेक मीटर इतक्या झटक्यात निघून जातो की त्या मीटरमध्ये ब्रेकच्या हाती वेळच लागत नाही! १२० वाल्या गाडीला ब्रेक लागल्यावर थांबायला ८० मीटर लागतात, त्यातल्या पहिल्या ५० मीटरमध्ये वेग फक्त ४७ नं उतरतो आणि उरलेला ७३ शेवटच्या ३० मीटरमध्ये. सगळा वेग शेवटाला मरतो.

आता हिशोब लावा. रोही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जागा माणूससुद्धा एक सेकंद घेतो, मोबाईल बघणाऱ्याचं विचारूच नका. तेवढ्यात १०० वाली २८ मीटर पुढं गेली, १२० वाली ३३. मग ब्रेकचे ५५ आणि ८०. एकूण ८३ आणि ११३. फरक बरोबर ३० मीटरचा, आणि वर बघितलंच की शेवटचे ३० मीटर उरलेले असताना काटा ७३ वर असतो.

सूत्रात बघायचं तर v² = u² + 2as, शाळेत आपण घोकलेलं तिसरं समीकरण (u सुरुवातीचा वेग, v शेवटचा, a त्वरण, s अंतर). थांबल्यावर v शून्य, म्हणून s हा u च्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट, म्हणून अंतर चौपट. बरं, यात गाडीचं वजन कुठंच आलं नाही. वजन जास्त तर टायरचं घर्षणही त्याच प्रमाणात जास्त, दोन्ही कटतं, त्यामुळं "आपली गाडी दणकट हाय" याचा थांबायला ढोबळमानानं काही उपयोग नाही. एबीएसचंही तसंच, त्याचं मुख्य काम चाकं लॉक होऊ न देणं, म्हणजे स्टेअरिंग हातात राहतं.

२०२३ मध्ये याच रस्त्यावर बुलढाणा जिल्ह्यात अपघात टळावेत म्हणून कुणीतरी मंत्रानं भारलेलं यंत्र बसवल्याची बातमी आली होती, अंनिसनं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं) हरकत घेतली, प्रकरण पोलिसांत गेलं. यंत्र काय करणार होतं, त्या समीकरणातला २ काढून टाकणार होतं का काय? वळणावर लिंबू-मिरची ठेवून जाणाऱ्यांनाही हाच प्रश्न.

वाचलेल्या वेळेचं म्हणाल तर ६० किलोमीटरला १०० नं ३६ मिनिटं लागतात, १२० नं ३०.

आणि एक मजा. पाय ब्रेकवर जायचा सेकंद बाजूला ठेवला, दोन्ही गाड्यांचे ब्रेक एकाच जागी लागले असं धरलं, तर हे गणित पायथागोरसचं निघतं: मोठ्या वेगाच्या वर्गातून छोट्याचा वर्ग वजा करा, वर्गमूळ घ्या. म्हणजे ८० वाली जिथं थांबली तिथं १०० वाली ६० वर, आणि गावातल्या रस्त्यावर ४० वाली जिथं थांबली तिथं ५० वाली ३० वर. तीन-चार-पाचचा तोच शाळेतला त्रिकोण, डांबरावर काढलेला.