तसबिरीतले डोळे पाठलाग करतात?

‘व्यक्तिचित्रातली नजर आपल्यामागे फिरली, तर ती चित्रकाराची गुप्त विद्या,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पुण्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात पणजोबांच्या तसबिरीसमोरून जाताना मलाही तसंच वाटायचं. तो भास खराच आहे, कारण मात्र साधं आहे.

चित्र सपाट असतं. समोर बघणारा चेहरा रंगवला की नजर थेट आपल्याकडे येते. आपण बाजूला सरकलो तरी कागदावरचं बुबुळ जागचं हलत नाही, नाकाची सावलीही तीच राहते. म्हणून नजर आपल्यावरच. पुतळ्याचं तसं नाही. बाजूला गेलं की गाल आड येतो, नजर सुटते.

घरीच पाहा. कॅमेऱ्यात बघून काढलेला पासपोर्ट फोटो भिंतीला लावून खोलीभर चाला. तोही तुमच्याकडेच बघेल. मग दुसरीकडे बघणारा फोटो लावा. तो कुठूनही बघणार नाही.