धडधडीचा धसका

छातीत ठोके वाढल्याचे जाणवताच आपल्याला हृदयविकार झाला आहे असे मनाने घेणे, आणि तपासण्या चांगल्या आल्या तरी ती धास्ती न जाणे, म्हणजे धडधडीचा धसका. मानसोपचारात ही आरोग्यचिंता मानली जाते. मराठवाड्यातले रुग्ण 'आरोग्यचिंता' हा शब्द वापरत नाहीत. 'जीव घाबरा व्हायलाय', 'काळीज लई धडधड करायलंय', 'काळजात धस्स झालं' असे सांगतात. 'धसका घेतला' हा बोलीतला प्रयोग सर्वांत नेमका आहे: प्रसंग सरून जातो, धसका अंगात राहतो.

या त्रासातली धडधड खरी असते, हे आधी मान्य करायला हवे. प्रौढ माणसाच्या हृदयाचे विश्रांतीतले ठोके साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असतात. भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे संप्रेरक सुटते आणि निरोगी हृदयही शंभराच्या वर जाते. जाणवलेली धडधड नव्या भीतीला कारण होते आणि चक्र सुरू होते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात. घरच्यांना हा झटकाच वाटतो. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर ठोके अधिक जाणवतात, कारण हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकते. 'काळजाचा ठोका चुकला' असे आपण म्हणतो, त्यामागेही शरीराची एक घडामोड आहे. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. माणूस दचकतो तो त्या खंडाने आणि जोरदार ठोक्याने. असे अवेळी ठोके निरोगी माणसांतही पडतात.

हा त्रास नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातील सैनिकांची धडधड, धाप आणि छातीतले दुखणे यांचे वर्णन डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये केले होते.

मराठवाड्यात धसक्याला स्वतःचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे साखरझोपेत गाडली. त्यानंतर कित्येक कुटुंबे घर उभे असूनही बाहेर झोपत. अशा अनुभवानंतर रात्री छाती धडधडू लागली, की जमीन हलली की काळीज, हे क्षणभर कळत नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा जुन्या माणसांना किल्लारी आठवली असेल तर नवल नाही. त्याआधी करोनाच्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले. त्यावर दोन आकडे दिसतात. ऑक्सिजनचा आकडा किती असावा हे सर्वांना सांगितले गेले, नाडीच्या आकड्याचा अर्थ मात्र फारसा कोणी समजावला नाही. साथ ओसरल्यावरही दिवसातून दहा वेळा बोट घालून पाहण्याची सवय काहींना उरली. पाहताना मन धास्तावते, म्हणून आकडा वाढतो.

तरीही प्रत्येक धडधड मनाच्या खात्यात टाकणे चूक आहे, आणि आपल्याकडे बायकांच्या बाबतीत ही चूक फार होते. राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. रक्त कमी असले की हृदयाला जास्त धावावे लागते. थायरॉईड वाढणे, ताप, एप्रिल-मेच्या उन्हात अंगातले पाणी कमी होणे, उपाशीपोटी वरचेवर चहा आणि तंबाखू यांनीही ठोके वाढतात. लाल विंचवाच्या विषाने ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा शरीरात पूर येतो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. विंचू चावल्यावरची धडधड म्हणजे धसका नव्हे. रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. धडधडीसोबत शुद्ध हरपणे, छातीवर दाब येऊन तो हात-जबड्यात पसरणे, विश्रांतीतही धाप लागणे किंवा ठोके एकाएकी दीडशेच्या पुढे जाऊन तिथेच राहणे, अशा वेळी १०८ ला फोन करावा.

एरवी एकदा नीट तपासणी करावी: ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड, गरज भासल्यास अंगावर छोटे यंत्र लावून ठोक्यांची २४ तासांची नोंद (होल्टर). ईसीजीची पट्टी काढून 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' एवढेच सांगितले, की रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात दुसरी पट्टी काढतो, तिथून सोलापूर किंवा हैदराबाद गाठतो. कुठे सलाईन लागते, कुठे 'बाहेरचं' काढले जाते. पैसा जातो, आणि प्रत्येक नव्या तपासणीने काहीतरी दडले असल्याचा संशय घट्ट होतो. ठोके का वाढले हे पाच मिनिटे बसून समजावणारा डॉक्टर या रुग्णाला सर्वांत उपयोगी पडतो.

उपचारात विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे बोधात्मक वर्तन पद्धतीचे (सीबीटी) समुपदेशन प्रभावी ठरते. नाडी मोजणे हळूहळू कमी करायचे, धडधड होत असतानाच हातातले काम चालू ठेवायचे, श्वास सावकाश सोडायचा. चिंता कमी करणारी काही औषधे चार ते सहा आठवड्यांनी गुण देतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या मात्र मेडिकलमधून स्वतःहून आणू नयेत, त्यांची सवय लागते. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतून बोलता येते. घरच्यांनी 'तुला काहीच झालेलं नाही' म्हणण्याऐवजी 'तपासणी झालीय, ठोके भीतीनं वाढलेत, मी बसलोय इथं' असे म्हणावे आणि खरोखर बसावे. अशी लाट बहुधा १० मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागते.