पाण्यात पाय किती ठेवायचे?

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या. तेव्हापासून पूल पडल्याची बातमी आली की मोबाइलवर एक गोष्ट हमखास फिरते : विलायतेतल्या कंपनीने म्हणे पत्र धाडून कळवलं होतं, तुमच्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली. पुलाला औषधाच्या बाटलीसारखी मुदत नसते. पाया शाबूत असेल तर दगडी कमान शंभरी सहज ओलांडते आणि पाया उघडा पडला तर दहा वर्षांपूर्वीचा पूलही एका रात्रीत जातो. 'पूल वाहून गेला' असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा पाण्याने पुलाला ढकललेलं नसतं. त्याच्या पायाखालची माती उपसलेली असते.

म्हणून पुलांचे प्रकार समजून घेताना वरच्या आकारापेक्षा खाली बघावं. ओढ्यानदीत किती खांब उभे करायचे, या एका प्रश्नावर बरंच काही ठरतं. 6 मीटरपर्यंत लांबीची ती मोरी, 60 मीटरपर्यंत छोटा पूल, त्यापुढे मोठा पूल, अशी आपल्याकडची वर्गवारी. दोन खांबांमधल्या अंतराला गाळा म्हणतात. गाळा दहाएक मीटरचा असेल तर साधा काँक्रीटचा स्लॅब पुरतो. वीस-पंचवीस मीटरला तुळया लागतात. तीस-चाळीस मीटरला ताणलेल्या पोलादी तारांचे प्रीस्ट्रेस्ड गर्डर घालतात. गाळा वाढला की वरचा खर्च वाढतो आणि पाण्यातले पाय कमी होतात. हुगळीवरच्या हावडा पुलाचा मुख्य गाळा 457 मीटरचा आहे, नदीत खांब एकही नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मनोऱ्यातून तिरक्या केबल सोडून 250-250 मीटरचे दोन गाळे तोलले आहेत. चिनाबवरची रेल्वेची पोलादी कमान 467 मीटरची, दोन्ही टोकं डोंगरात रोवलेली.

कोकणातल्या आडवाटेवर उलटा हिशेब असतो. तिथे फरशी पूल बांधतात. पूर आला की तो पाण्याखाली जाणार हे धरूनच. त्याचे कठडे काढता येतील असे ठेवतात, कारण वाहून आलेली झाडं कठड्याला अडकली की तिथे धरणच तयार होतं.

दगडी कमानींची गोष्ट वेगळी. कमान आपलं वजन खाली देते तसंच बाजूलाही रेटते. शेजारशेजारच्या कमानी एकमेकींचा हा रेटा तोलून धरतात. मधला एक खांब खचला की शेजारच्या कमानीला टेकू उरत नाही, मग तिच्या शेजारचीला. गर्डरच्या पुलाचा सुटा गाळा पडला तर बाकीचे बहुधा उभे राहतात. कमानी ओळीने जातात. जुन्या लांब पुलांत दर काही कमानींनंतर एक खांब मुद्दाम जाडजूड बांधलेला दिसतो, तो ही साखळी तिथे तुटावी म्हणून.

आता मुख्य गोष्ट, खांबाभोवतीची धूप. इंजिनिअर तिला स्कावर म्हणतात. नदीचं पाणी वरच्या थरात वेगाने वाहतं, तळाशी घासत असल्याने हळू. हे पाणी खांबाच्या पुढच्या तोंडावर थांबतं. जिथे वेग जास्त तिथे थांबल्यावर दाबही जास्त, म्हणजे वर दाब जास्त आणि खाली कमी. त्यामुळे पाणी खांबाला लगटून सरळ खाली उतरतं, तळावर आदळतं, वाळू उकरतं आणि गुंडाळी होऊन खांबाच्या दोन्ही अंगांनी मागे निघून जातं. वरून पाहिलं तर ही गुंडाळी घोड्याच्या नालेसारखी दिसेल. सगळ्यात खोल खड्डा खांबाच्या नाकासमोरच पडतो. म्हणून पोखरलेला खांब अनेकदा प्रवाहाच्या उलट दिशेला कलतो.

खांब प्रवाहाला तिरका असेल तर काम आणखी बिघडतं. 2 मीटर जाड आणि 10 मीटर लांब खांबाला पाणी समोरून भिडलं तर 2 मीटरचा अडथळा. नदीने पात्र बदललं आणि पाणी 20 अंशांनी तिरकं आलं की तोच अडथळा सुमारे 5.3 मीटरचा होतो.

धूप किती खोल जाईल याचा अंदाज भारतीय रस्ते काँग्रेस या, रस्ते-पुलांचे मानदंड ठरवणाऱ्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या सूत्राने काढतात. दर मीटर रुंदीतून सेकंदाला 10 घनमीटर पाणी आणि 0.5 मिलिमीटरची वाळू धरा. वाळूचा गुणक 1.76 गुणिले 0.5 चं वर्गमूळ, म्हणजे 1.24. दहाचा वर्ग भागिले 1.24, त्याचं घनमूळ, गुणिले 1.34 : उत्तर साधारण 5.8 मीटर. ही सरासरी धूप. खांबापाशी तिची दुप्पट धरतात, 11.6 मीटर. खड्ड्याखालीही पायाला पकड हवी म्हणून आणखी एक तृतीयांश. म्हणजे पाया पूरपातळीच्या खाली साडेपंधरा मीटर न्यावा लागतो. एवढ्यासाठी वाळूच्या नदीत विहिरीचा पाया घालतात : काँक्रीटची पोकळ विहीर बांधायची, आतली वाळू उपसत तिला खाली बसवत न्यायचं. खडक वर असेल तिथे एवढी खोली लागत नाही.

पूर ओसरताना हाच खड्डा गाळाने भरतो, आणि खरी फसवणूक इथे आहे. डिसेंबरात पाहणी केली तर तळ सपाट, सारं ठीकठाक. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहॅरी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी असाच पायाखालून पोखरून पडला आणि 10 माणसं गेली. पायाभोवतीचे संरक्षक दगड आधीच्या पुरांत वाहून गेले होते, ते पुन्हा भरलेच नव्हते. त्यानंतर अमेरिकेत पाण्याखालच्या पायांची निदान पाच वर्षांतून एकदा तपासणी सक्तीची झाली.

दगड टाकायचे तेही हिशेबाने. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते 64 पट जड दगड हलवू शकतं. म्हणून 40 किलोपेक्षा हलका दगड सहसा चालत नाही. त्याहून लहानच मिळत असेल तर तो तारेच्या जाळीत बांधतात. खाली खडी-वाळूची गाळणी न घालता नुसते दगड ओतले तर फटींतून वाळू निसटते आणि दगड खचतात. पुलाच्या पुढे, पाणी वाहत जातं त्या अंगाला वाळू उपसली तर अख्खं पात्रच खाली जातं, मग सूत्राने काढलेली खोली कागदावर राहते.

नदी बळी मागते, पूल उभा राहायला पायात जीव द्यावा लागतो, या अफवा अजून पसरतात आणि त्यापायी परक्या, निरपराध माणसांना मुलं पळवणारे समजून मारहाण होते. पुलाच्या पायात काँक्रीट, पोलाद आणि पुरेशी खोली लागते. दुसरं काहीही लागत नाही.

पूर उतरल्यावर पुलाच्या एका टोकाला उभं राहून कठड्याच्या रेषेत डोळा लावावा. रेषा मध्येच दबलेली दिसली, दोन गाळ्यांमधली फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला मिटलेली दिसली किंवा पायाचा एरवी गाडलेला माथा उघडा पडला असेल, तर वाहतूक तिथेच थांबवून बांधकाम खात्याला कळवावं. खांबाजवळ मग लोखंडी गज खुपसून बघतात. घट्ट जुन्या तळात गज अडतो. नव्याने भरलेल्या गाळात तो हाताच्या जोराने खाली जात राहतो, आणि जिथे अडतो तिथवर पुराने खड्डा नेला होता.