किशोरवयीनांची आशा आणि घरची परिस्थिती: मोजणीची पार्श्वभूमी

मानसशास्त्राने आशेच्या आधी निराशा मोजली. निराशेच्या १९७४च्या प्रश्नावलीत 'बरोबर' किंवा 'चूक' असे उत्तर द्यायची २० विधाने होती. आशेची मोजपट्टी मोठ्यांसाठी १९९१मध्ये आली, तर ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी १९९७मध्ये.

मुलांच्या पट्टीत सहा प्रश्न. प्रत्येकाला १ ते ६ गुण, एकूण ६ ते ३६. विषम क्रमांकाचे तीन प्रश्न जिद्द पाहतात, सम क्रमांकाचे तीन अडचणीतून वाट सुचते का ते. घोळ बेरजेत होतो. जिद्दीत १६ आणि वाटांत ८ मिळवणारी मुलगी, दोन्हींत १२-१२ मिळवणारा मुलगा. दोघांचीही बेरीज २४. त्या मुलीला नुसता धीर देऊन भागत नाही. तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारे कुणी हवे, वसतिगृहात जागा हवी, एसटीचा पास हवा. म्हणून दोन्ही बेरजा वेगळ्या द्यायलाच हव्यात.

तिसरा प्रश्न तर फारच फसवा: आपल्या वयाच्या इतर मुलांइतकेच आपले बरे चालले आहे का? जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांकडे पाहून उत्तर देते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवरून खासगी शाळेत गेलेले मूल सधन वर्गमित्रांकडे पाहून देते. घरची परिस्थिती सारखीच, गुण मात्र निराळे पडू शकतात. त्यात ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत फी अंगावर येते, तीही नेमकी चौदाव्या-पंधराव्या वर्षी. आठवी-नववीची उत्तरे एकत्र केली की हा धक्का आकड्यांत हरवतो.

आर्थिक स्तर ठरवतानाही चुका होतात. शहरी कुटुंबांसाठी १९७६ची कुप्पुस्वामी श्रेणी चालते: कुटुंबप्रमुखाचे शिक्षण व व्यवसाय आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न मिळून ३ ते २९ गुण. उत्पन्नाचे टप्पे महागाईनुसार दुरुस्त केले नाहीत, तर हातावर पोट असलेले घरही वरच्या वर्गात जाऊन बसते.

२०१४च्या राष्ट्रीय किशोर आरोग्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी मानसिक आरोग्य हा विषय आला. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले, महानगरांत १३.५, ग्रामीण भागात ६.९ टक्के. ही पाहणी झालेल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे चिकटवणे चूक. २०२२मध्ये १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक बंधनकारक केला. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे आहे. आडगावच्या शाळेसाठी तो तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे मजुरी बुडवून मुलाला तिथवर नेणे पालकांवरच येते.